‘आम्ही’ : एका अभियंत्याने दिलेला इशारा

यंत्रयुगाचे भयावह भविष्य रंगविणाऱ्या साहित्याचा विषय निघाला की आल्डस हक्स्ले (१९३२) आणि जॉर्ज ऑर्वेल (१९४९) यांच्या कादंबऱ्यांचे स्मरण होते. परंतु त्यांच्याही आधी, १९२०-२१ साली, येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. ऑर्वेलने १९४६ साली तिचे परीक्षणही केले होते.

झाम्यातिन यंत्राला भिणारा नव्हता. तो जहाजबांधणीचा अभियंता होता. १९१६ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर त्याने देखरेख केली. तरुणपणी क्रांतिकार्यासाठी त्याने तुरुंगवासही भोगला होता. म्हणूनच त्याच्या साक्षीला आम्ही विशेष मोल देतो.

त्याच्या कल्पित राज्यात माणसाला नाव नाही, क्रमांक आहे. निवेदक डी-५०३ हा अंतराळयानाचा रचनाकार. घरांच्या भिंती काचेच्या. सारे एकाच क्षणी उठतात आणि प्रत्येक घास ५० वेळा चावतात. कामगाराची हालचाल घड्याळाने मोजणारा अमेरिकन अभियंता टेलर हा तेथे थोर गणला जातो. अखेरीस शासन क्ष-किरणांनी माणसाची कल्पनाशक्तीच नष्ट करते. त्यानंतर डी-५०३ आपल्या प्रेयसीचा छळ निर्विकारपणे पाहतो.

मायदेशात या पुस्तकावर बंदी आली. १९२४ साली ते प्रथम न्यूयॉर्कमध्ये, इंग्रजी भाषांतररूपाने प्रसिद्ध झाले. स्टालिनला पत्र लिहून परवानगी मिळाल्यावर १९३१ साली झाम्यातिनने देश सोडला. १९३७ साली तो पॅरिसमध्ये निवर्तला. रशियात पुस्तक छापले गेले ते १९८८ साली.

या कादंबरीतील एक विचार मात्र आम्हां ख्रिस्ती वाचकांना बोचतो. नम्रता हा सद्‌गुण आणि अहंकार हे पाप मानणारे ख्रिस्ती लोक हेच आपले पूर्वसुरी, असे डी-५०३ अभिमानाने सांगतो. हा आरोप हसण्यावारी नेता येणार नाही. धर्माच्या नावाखालीही माणसांना गप्प बसविले गेले आहे, याला इतिहास साक्षी आहे. ‘सगळे म्हणतात म्हणून’ मान डोलावण्याला आम्हीही कधीकधी नम्रता समजतो.

तरीही एक भेद उरतो. स्नानसंस्काराच्या वेळी बालकाला नावाने हाक मारली जाते, क्रमांकाने नव्हे. सदसद्विवेकाचा कौल ज्याचा त्यानेच ऐकावयाचा असतो. ‘आमच्या बापा’ अशी प्रार्थना आम्ही एकत्र करतो, परंतु तिच्यातील ‘आम्ही’ मध्ये प्रत्येकाचा ‘मी’ जिवंत असावा लागतो. तो मेला, तर काचेच्या भिंती उभारण्यास कोणत्याही यंत्राची गरज उरणार नाही.