प्रतिसर्पविषाची पूड

सर्पदंशावरील हे औषध जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे प्रीमियम सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी तयार करते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अल्प मात्रेत घोड्यांना टोचले असता त्यांच्या रक्तात ते विष निष्प्रभ करणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार होतात. पेप्सिन या विकराने त्यांचा अनावश्यक भाग छाटला, की उरलेला तुकडा विषाला बांधण्याचे काम करतोच, शिवाय तीव्र ॲलर्जीचा धोकाही घटतो, जरी तो पूर्णपणे टळत नाही. द्रवरूप औषध थंडाव्यातच टिकते, म्हणून ते गोठवून निर्वातात वाळवतात. अशा पुडीला शीतपेटी लागत नाही, आणि भीमाशंकरकडील आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्यात, जिथे विजेचा भरवसा नसतो, हा गुण औषधाच्या ताकदीइतकाच मोलाचा ठरतो.

पूड १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवून शिरेवाटेच द्यावी लागते, कारण स्नायूत टोचल्यास हे मोठे रेणू रक्तात फार सावकाश उतरतात. परिणामी रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा काळ उपचाराविना जातो, आणि बहुतेक जीव त्याच काळात हकनाक जातात. हीच पोकळी भरण्यासाठी वारेस्प्लाडिब या तोंडाने घेण्याच्या औषधाच्या चाचण्या भारतात व अमेरिकेत झाल्या आहेत. विषातील फॉस्फोलिपेज ए२ या विकराला ते अटकाव करते, मात्र प्रतिसर्पविषाची जागा ते घेत नाही.