हिरवा रंग, काळा कागद

१:७२ प्रमाणातलं मिग-२१ तळहातावर मावतं. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, मॉडेलचे जेमतेम १० सेंटिमीटर. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हवाई दलाने या विमानाला निरोप दिला, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी त्याचं किट आणलं. भाग चिकटवायला दोन संध्याकाळी पुरल्या. अडलो ते रंगाशी, कारण मला १९७१चं विमान हवं होतं.

मिग-२१ची एफएल ही आवृत्ती आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होत असे. ती बाहेर पडायची ती चकचकीत, उघड्या धातूची. आकाशात कितीही वेगाने जाणारं विमान असलं, तरी दिवसातला बहुतेक वेळ ते जमिनीवर उभंच असतं, आणि उन्हात चमकणारा धातू वरून येणाऱ्या वैमानिकाला फार लांबून दिसतो. ६ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर हल्ला केला, तेव्हा जमिनीवर उभी असलेली आपली सुमारे १० विमानं गेली. त्यांत दोन अगदी नवी मिग-२१ होती.

तो धडा लक्षात होता. १९७१मध्ये युद्ध दिसू लागलं तसे स्क्वाड्रन्सनी आपापल्या तळांवरच विमानं रंगवून काढली. सगळ्यांना लागू होईल असा ठरलेला नमुना नव्हता. कुठे नुसता हिरवा, कुठे हिरव्यावर तपकिरी पट्टे, कुठे नागमोडी फराटे. एका विमानासारखं दुसरं नाही. मॉडेल करणाऱ्यांचे वाद इथेच सुरू होतात. उपलब्ध फोटो बहुतेक कृष्णधवल, आणि त्यात गडद करडा दिसतो तो हिरवा की तपकिरी, यावर माणसं रात्र रात्र भांडू शकतात. मीही भांडलो आहे.

एक हिशेब मात्र भांडणाचा नाही. खऱ्या विमानावर दहा सेंटिमीटर रुंद ब्रशने ओढलेला पट्टा १:७२ला १.४ मिलिमीटरचा होतो. उलटं पाहिलं तर आपण मॉडेलवर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर दिला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा गिलावा झाला. म्हणून रंग पाण्यासारखा पातळ करायचा, एक हात वाळू द्यायचा, मग दुसरा. आधी सगळं मॉडेल ॲल्युमिनियमच्या रंगात रंगवायचं आणि त्यावर हिरवा चढवायचा, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेला रंग किंचित खरवडला की खालचा धातू दिसतो. खऱ्या विमानाचंही हेच व्हायचं. हिरवासुद्धा डबीतल्यापेक्षा थोडा फिका घ्यावा लागतो. एवढ्याशा वस्तूवर गडद रंग अधिकच गडद वाटतो.

लपण्यासाठी रंगण्याची कल्पना तशी जुनी नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५मध्ये, फ्रेंच सैन्याने त्यासाठी चित्रकारांची वेगळी तुकडी उभारली आणि ‘कॅमफ्लाज’ हा शब्द जगभर गेला. पण त्याच्या सत्तर वर्षं आधी आपल्या उपखंडात त्याची सुरुवात झाली होती. १८४६मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीने लाल डगल्यांऐवजी धुळीचा रंग अंगावर घेतला. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. मराठीत आपण खाकी म्हणतो तेव्हा पोलीस आठवतो. आमच्या घरांत मात्र मातीचा तो शब्द कबरीपर्यंत सोबत असतो.

१९७१ची आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट विमानाची नाही, काळ्या कागदाची आहे. आमचं कुटुंब रत्नागिरीकडचं. दादा लालबागच्या चाळीत राहून गिरणीत साचे चालवायचे. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआउट आला. गिरगावपासून दादरपर्यंत चाळींच्या काचांवर काळे कागद नाहीतर जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवली गेली. काच फुटून उडू नये म्हणून तिच्यावर कागदी पट्ट्यांची फुली. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखलेला. दुसऱ्या पाळीवरून सुटलेले लोक भिंतीला हात लावत जिने चढायचे. आग्र्याला ताजमहालसुद्धा झाकून टाकला होता. ओझरच्या विमानावरचा हिरवा आणि लालबागच्या काचेवरचा काळा, दोन्हींमागे एकच प्रश्न होता: आपलं घर शत्रूला वरून कसं दिसतं?

चाळीत प्रश्न थोडा वेगळा झाला. दादी फज्रच्या नमाजासाठी पहाटे उठायची. डिसेंबरात तेव्हा मिट्ट काळोख असतो. वुजूसाठी तिने मोरीत रॉकेलची चिमणी लावली. खिडकीला कागद होता, पण मोरीवरच्या झरोक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. खाली पहारा देणारी मुलं वर आली, दार वाजवलं, दिवा विझवायला सांगून गेली. त्यांचं काही चुकलं नाही. पण सकाळी नळावर पाणी भरायला बायका जमेपर्यंत त्या चिमणीचा ‘लुकलुकता दिवा’ झाला होता आणि दुपारपर्यंत ‘इशारा’. दादा त्या दिवशी कामावर गेले नाहीत. घरातले सांगतात, ते दारात खुर्ची टाकून नुसते बसून राहिले. संध्याकाळी शेजारच्या मालवणी काकू खळीचं भांडं आणि काळा कागद घेऊन आल्या, स्टुलावर चढल्या आणि झरोका बंद केला. उतरताना गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आता माझ्या मोरीचा कोण करतोय? चूल तर मी पण पहाटेच पेटवते.”

मुंबईवर त्या युद्धात बॉम्ब पडला नाही. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्याच्या दोन दिवस आधी, १४ डिसेंबरला, २८ नंबर स्क्वाड्रनच्या मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं डागली होती आणि तिथल्या गव्हर्नरने राजीनामा दिला होता.

दादांना तेव्हा एक गोष्ट माहीत असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्या युद्धात दिल्लीच्या हवाई मुख्यालयात योजनांचं काम पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं नाव इद्रिस हसन लतीफ होतं. जन्म १९२३चा, हैदराबादचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर ७ नंबर स्क्वाड्रनमधून व्हेंजन्स ही बॉम्बफेकी विमानं उडवली. तिथे त्यांचे कमांडर प्रताप चंद्र लाल होते, आणि १९७१मध्ये हेच लाल हवाई दलप्रमुख होते. फाळणीच्या वेळी लतीफ यांच्यापुढेही दोन देशांचा पर्याय होता. ते इथेच राहिले.

ब्रह्मदेशातल्या त्या विमानांचं मॉडेल करताना एक बारकावा सांभाळावा लागतो. ब्रिटिश विमानांच्या गोल खुणेत मधोमध लाल ठिपका असे. आशियात तो काढून टाकला आणि खूण नुसती निळी-पांढरी ठेवली. जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा. आपल्याच तोफांनी आपल्याला चुकून पाडू नये म्हणून ही काळजी. म्हणजे ज्या विमानाला शत्रूपासून लपवायला हिरव्या-तपकिरी रंगात बुडवलं, त्याच विमानावर आपल्या लोकांनी ओळखावं म्हणून खूणही रंगवली. दोन्ही कामं एकाच डबीतल्या ब्रशने. मला कॅमफ्लाजचा सगळ्यात गमतीचा भाग हाच वाटतो, आणि दादांच्या त्या खुर्चीची आठवणही इथेच येते. ते कुणापासून लपत नव्हते. शेजाऱ्यांनी ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं.

१९७८मध्ये लतीफ हवाई दलप्रमुख झाले. या पदावर आलेले ते पहिले मुसलमान. निवृत्तीनंतर, १९८२मध्ये, ते महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मलबार हिलवरच्या राजभवनात आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि दादांचे साचे थांबले होते. घरात एक जुनं कात्रण आहे, लतीफ यांच्या फोटोचं. ते कुणी कापून ठेवलं हे कुणालाच आठवत नाही. दादा तर मराठी अडखळत वाचायचे.

माझं मिग अजून पुरं झालेलं नाही. वरचा हिरवा दोन हातांत बसला. पंखांवर केशरी, पांढरा, हिरवा अशी गोल खूण पाण्यात भिजवून चिकटवली. बुडबुडा राहिला होता, तो सुईने टोचून काढला. पोटाकडच्या बाजूचं तेवढं ठरत नाहीये. काही फोटोंत ती उघडा धातूच दिसते, काहींत रंगवलेली. सध्या ती चांदीच ठेवली आहे.