मोहमेडन स्पोर्टिंग : क्लब कुणाचा?

मुस्लिम मोहल्ल्यात वाढलेल्या माणसाला एका वादाची ओळख करून द्यावी लागत नाही. दर्ग्याच्या जमिनीचा मुतवल्ली कोण, अंजुमनच्या शाळेची कमिटी कुणाच्या हातात, जुन्या मुसाफिरखान्याच्या जागी बिल्डरने इमारत बांधून द्यायची म्हटली तर कागदावर सही कुणाची? जुम्म्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर या प्रश्नांवरून चढलेले आवाज आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणूनच कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचे चाहते अलीकडे गुंतवणूकदार, शेअर आणि ताबा यांवरून जो वाद घालत आले, तो आम्हाला परक्याचा वाटला नाही. मात्र तो समजून घ्यायचा तर मागे जावे लागते.

क्लबची स्थापना १८९१ ची. पहिली चाळीसेक वर्षे त्याला फारसे कुणी विचारत नव्हते. १९३४ मध्ये त्याने कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. गोऱ्या पलटणींच्या आणि युरोपियन क्लबांच्या हातून हे विजेतेपद हिसकावणारा हा पहिला भारतीय संघ. आणि एकदा जिंकून तो थांबला नाही. १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे लीग त्याच्याकडेच राहिली. १९३६ मध्ये तर लीगबरोबर आय.एफ.ए. शील्डही आली. काझी नझरुल इस्लाम यांनी या संघावर कविता लिहिली. त्याच वर्षी संघाचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून अनवाणी पायांनी खेळून आला.

या यशाचे वर्णन करताना आपले लोक जोश, जिद्द, ईमान असे शब्द वापरतात. जिद्द होतीच. पण हा विजय मैदानाइतकाच कार्यकारिणीच्या खोलीतही आखला गेला होता. बहुतेक भारतीय खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत; पावसाळ्यातल्या चिखलात गोऱ्यांच्या बुटांपुढे त्यांचा निभाव लागत नसे. मोहमेडनच्या कारभाऱ्यांनी ओल्या मैदानासाठी आपल्या खेळाडूंच्या पायांत बूट घातले. आपल्या गल्लीतली पोरे घेऊन खेळण्याचा हट्टही त्यांनी सोडला आणि बंगळूर, क्वेट्टा अशा दूरच्या ठिकाणांहून खेळाडू आणले. जुम्मा खान, रहीम, अब्बास, नूर मोहम्मद ही नावे त्या काळच्या कोलकात्यात सर्वांच्या तोंडी होती. आज ज्याला व्यवस्थापन म्हणतात ते हेच. फरक इतकाच की त्यामागचा पैसा वर्गणीचा आणि देणग्यांचा होता, आणि देणाऱ्याला क्लबचा हिस्सा मिळत नव्हता.

एक गोष्ट आपण टाळतो, ती इथे लिहून ठेवली पाहिजे. त्या वर्षांत मुस्लिम लीगच्या पुढाऱ्यांचा क्लबमध्ये वावर वाढला. इंग्रजांना हरवणारा संघ म्हणून सुरुवातीला जे कौतुक सर्वांकडून झाले, ते पुढे वाटले गेले. गोल झाला की कोण आनंदी आणि कोण गप्प, यावरून माणसाची जात ओळखली जाऊ लागली. दोष एकट्या क्लबचा नव्हे. पण दोष नव्हताच असेही नव्हे. १९३९ मध्ये आय.एफ.ए.शी भांडण होऊन मोहमेडन, ईस्ट बंगाल आणि कालीघाट लीगमधून बाहेर पडले. खेळाऐवजी ठराव आणि राजीनामे यांची चर्चा चाहत्यांनी त्या वर्षीही पुष्कळ केली असणार.

१९४० मध्ये मात्र संघ परतला आणि लीग, ड्युरँड, रोव्हर्स तिन्ही घेऊन गेला. दिल्लीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरँड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ ठरला. मुंबईतल्या रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात समोर बंगलोर मुस्लिम्स होते. मुंबईच्या जुन्या मंडळींशी फुटबॉलवर बोलायला बसावे तर कूपरेजवर येणाऱ्या या काळ्या-पांढऱ्या बनियनांचा विषय आल्याशिवाय राहत नसे.

फाळणीने सगळेच बदलले. खेळाडू गेले, देणगीदार गेले, पुढारी गेले. जे राहिले ते चामड्याचे कारागीर, शिंपी, हमाल, लहान दुकानदार. लीगची विजेतेपदे १९४८, १९५७, १९६७, १९८१ अशी विरळ होत गेली. १९६० मध्ये ढाक्यात आगाखान गोल्ड कप जिंकून परदेशी ट्रॉफी आणणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळाला, १९८३ आणि १९८४ मध्ये फेडरेशन कप आला. पण तिजोरी रिकामीच. पुढे राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि विमानभाडे, हॉटेले, परदेशी खेळाडू यांचा खर्च वर्गणीच्या आवाक्याबाहेर गेला. १९९८ मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना मद्याच्या धंद्यातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाने हात दिला. मोहमेडनच्या वाट्याला असा दीर्घ आधार आला नाही. २०१४ मध्ये तर पैशाअभावी वरिष्ठ संघ बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला होता.

२०२० मध्ये बंकरहिल ही कंपनी गुंतवणूकदार म्हणून आली. २०२१ मध्ये चाळीस वर्षांनी कलकत्ता लीग परत मिळाली. ६ एप्रिल २०२४ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगला २-१ ने हरवून संघाने आय-लीग जिंकली आणि देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे आय.एस.एल.मध्ये, प्रवेश मिळवला. त्या संघाचा प्रशिक्षक रशियन, गोल करणारे मिझो, अर्जेंटिनी, रशियन. मोहमेडन या नावावर नाक मुरडणाऱ्यांनी आणि त्या नावाभोवती कुंपण घालू पाहणाऱ्यांनी, दोघांनीही ही यादी एकदा वाचावी.

वर चढल्यावर खर्च आणखी वाढला. २०२४ मध्ये श्राची समूह दुसरा गुंतवणूकदार म्हणून आला, आणि खरा वाद इथे सुरू झाला. क्लब ही सभासदांची संस्था. तिला शेअर विकता येत नाहीत. म्हणून वेगळी कंपनी काढायची, फुटबॉलचे हक्क तिच्याकडे द्यायचे आणि तिचे शेअर वाटून घ्यायचे, असा मार्ग कोलकात्यात रूढ झाला आहे. कंपनीत ज्याचे शेअर अधिक, त्याचा शब्द अखेरचा. काही चाहत्यांचे म्हणणे असे की पैसा देणाऱ्याला ताबा द्या, नाहीतर पुन्हा २०१४ येईल. जुन्या सभासदांना भीती की उद्या नाव, रंग, चिन्ह यांवरही कंपनीची मर्जी चालेल.

ही भीती पोकळ नव्हती. शेजारच्या मोहन बागानने २०२० मध्ये ए.टी.के.शी हातमिळवणी केली तेव्हा पुढे लागलेले ते तीन अक्षरांचे उपनाव काढून टाकायला त्यांच्या चाहत्यांना २०२३ पर्यंत झगडावे लागले. ईस्ट बंगालमध्ये गुंतवणूकदाराच्या अंतिम करारावर सही करावी की नाही, यावरून जुलै २०२१ मध्ये चाहत्यांचेच दोन गट क्लबच्या तंबूबाहेर भिडले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दुसरीकडे आपल्या मुंबईतला महिंद्रा युनायटेड पूर्णपणे कंपनीचा, मालकीबद्दल शंकाच नाही. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला.

आम्हाला वक्फची आठवण होते ती यामुळेच. मुतवल्ली मालक नसतो, सांभाळणारा असतो. पण ही तुलना फार ताणता येत नाही. वक्फच्या दुकानांचे भाडे तरी येते; फुटबॉल क्लब दर महिन्याला पगार खातो. ज्या मैदानावर क्लबचा तंबू आहे ती जमीनही लष्कराची. म्हणजे जे विकायचे ते नेमके काय? नाव, इतिहास आणि गॅलरीत उभी राहणारी माणसे. त्यातल्या बहुसंख्यांना क्लबच्या निवडणुकीत मत नाही, कारण ते सभासद नाहीत, फक्त चाहते आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये पगार थकल्यामुळे खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. प्रशिक्षकही सोडून गेला. शेअर कुणी कुणाला द्यायचे याची चर्चा चालूच होती. मजुरी घाम वाळण्याआधी देण्याबद्दलची हदीस आमच्या घराघरांत मुलांना शिकवली जाते, आणि हा क्लब आमच्या नावाने ओळखला जातो, म्हणून ही बातमी जास्त बोचली. त्या हंगामात तेरा संघांत मोहमेडन तेरावा आला.