डोळे स्पष्ट, कान धूसर

गेल्या दिवाळीत भाचा वाईला आला तो एक भलामोठा कॅमेरा गळ्यात अडकवून. "आत्या, वाडा पाडायच्या आधी तुझा ओसरीवर एक फोटो काढतो," म्हणाला. रोलचा कॅमेरा, पेंटॅक्स ६७. बटण दाबल्यावर आतला आरसा असा धाडकन उचलला जातो की मी दचकलेच.

पंधरा दिवसांनी फोटो आला. डोळे इतके स्पष्ट की पापण्या मोजाव्यात. कान मात्र धूसर, आणि कानामागे सगळं धुकं. घरात सर्वांना आवडला. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू? पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. जुना फोटो हातात आला की आधी माणसाच्या मागे काय आहे ते बघायची खोड. इथे मागे आमचा वाडा होता, आणि तो दिसतच नव्हता. फोनवर विचारलं, "अरे, खांब कुठे गेले? झोपाळा कुठे आहे?" तर म्हणतो, "आत्या, त्याचीच तर गंमत आहे. मागचं नाहीसं व्हावं म्हणूनच लोक या लेन्सला जास्त पैसे मोजतात!"

मग राहवेना. थोडं वाचन केलं, ते इथे मांडते.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. इमारतींचे फोटो सुरेख येत, माणसांची मात्र पंचाईत. शेवालिए या चष्मेवाल्याने बनवलेलं तेव्हाचं भिंग साधारण एफ १५ चं. (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो.) एवढ्याशा उजेडात काम भागवायचं म्हणजे माणसाला भर उन्हात कित्येक मिनिटं निश्चल बसवायचं. हलू नये म्हणून मागून मानेला लोखंडी आधार लावत. त्या काळातली माणसं फोटोत रागावलेली का दिसतात, असं मुलं वर्गात नेहमी विचारायची. तुम्ही बसून बघा तसं!

व्हिएन्ना विद्यापीठातले एक प्राध्यापक, एटिंग्सहाउझेन, हे पॅरिसला पाहून आले आणि त्यांनी आपल्या गणिताच्या सहकाऱ्याला गळ घातली. ते योझेफ पेट्झवाल, जन्म १८०७, आजच्या स्लोव्हाकियातल्या एका लहान गावातले. तोवर भिंगं करून बघत, घासत, पुन्हा करून बघत. पेट्झवाल यांनी आधी कागदावर हिशेब केला. तो इतका किचकट की ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले आकडेमोडीत तरबेज सैनिक त्यांच्या मदतीला देण्यात आले. तोफगोळ्यांऐवजी प्रकाशकिरणांचे मार्ग! १८४० साली चार काचांचं भिंग तयार झालं, एफ ३.६ चं. म्हणजे पहिल्यापेक्षा जवळजवळ सोळापट उजेड. पाठोपाठ पत्र्यावरची रसायनंही सुधारली, आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं.

भिंग घडवलं फोग्टलेंडर यांच्या कारखान्याने. पेट्झवाल यांना एकरकमी दोन हजार गुल्डन मिळाले आणि कारखान्याची मात्र भरभराट झाली. पुढे दोघांचं बिनसलं ते कायमचं. १८५९ मध्ये पेट्झवाल यांच्या घरी चोरी झाली, त्यात त्यांची भिंगांवरची हस्तलिखितंही गेली.

आता माझ्या कानाकडे येते. उजेड जास्त हवा तर भिंगाचं तोंड मोठं हवं, आणि तोंड मोठं झालं की एका पातळ पापुद्र्याएवढंच अंतर स्पष्ट येतं. शिवाय पेट्झवाल यांच्या भिंगात मधलंच तेवढं स्वच्छ, कडा विरघळलेल्या. हा दोषच होता, आणि बसणाऱ्याचे हाल वाचतात म्हणून तो सोसला गेला. भाच्याचं भिंग १०५ मिलिमीटरचं, एफ २.४. चार फुटांवरून चेहरा टिपला तर जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीपुरतं स्पष्ट येतं. डोळ्यापासून कान त्याहून लांब! लहान फिल्मच्या कॅमेऱ्यात हाच परिणाम हवा तर जवळजवळ एफ १.२ चं भिंग लागतं. याच्या फिल्मचा चौकोन मोठा, त्यामुळे भिंगही लांब पल्ल्याचं लागतं. मीडियम फॉरमॅटचं आकर्षण आहे ते इथे.

या दोषावर पहिल्यांदा मन जडलं ते बहुधा ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचं. जन्म १८१५, कलकत्त्याचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने कॅमेरा भेट दिला तेव्हा शिकल्या. (आम्हा उशिरा शिकणाऱ्यांना केवढा धीर!) त्यांचं भिंगही पेट्झवाल पद्धतीचं. चित्र डोळ्यांना सुंदर दिसू लागलं की त्या तिथेच थांबत, आणखी स्पष्ट करत बसत नसत. जाणकारांनी नावं ठेवली. १८६७ मध्ये त्यांनी काढलेला शास्त्रज्ञ हर्शेल यांचा फोटो पाहा. अंधारातून वर आलेले ते पांढरे केस आणि डोळे! मागे काय होतं हे विचारावंसं मलासुद्धा वाटलं नाही.

तरी पण. हर्शेल यांच्या मागे माझं घर नव्हतं.

मार्गशीर्षात भाचा पुन्हा आला. त्याच्या रोलवर दहाच फोटो निघतात. नऊ त्याने त्याच्या मनासारखे काढले, दहावा मी मागून घेतला. म्हटलं, खांब, झोपाळा, तुळशीवृंदावन, सगळं आलं पाहिजे. त्याने भिंगाचं तोंड बारीक केलं, एफ २२. कॅमेरा तिवईवर चढवला. "आत्या, संध्याकाळचा उजेड कमी आहे, पूर्ण एक सेकंद लागेल. अजिबात हलू नकोस." मी श्वास रोखून बसले.

फोटो आला. खांबावरची नक्षी, कड्या, नानांनी भिंतीत ठोकलेला खिळासुद्धा स्वच्छ आहे. माझा चेहरा तेवढा हललाय.

वाडा जानेवारीत पाडला. दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. पुण्याच्या वहिनींनी कोणता हवा ते कळवावं, प्रत काढून पाठवते.