नाला नाही, नदी आहे

बोरीवलीत नवीन आलेल्यांना सांगावं लागतं की श्रीकृष्ण नगरच्या पुलाखालून वाहतो तो नाला नाही, दहिसर नदी आहे. नॅशनल पार्कातल्या तुळशी तलावापासून निघून साधारण १२ किलोमीटर वाहते आणि मनोरी खाडीला मिळते.

तुळशीचा तलाव १८७९ चा, मुंबईला पाणी पुरवायला बांधलेला. त्याच्या खाली सपाटीवर भातशेती होती. पावसाळ्यात नदी काठ ओलांडून पसरायची. पाणी पसरलं की वेग कमी होतो आणि गाळ बसतो. त्या गाळात पालापाचोळा, मुळं गाडली जातात, म्हणजे झाडांनी हवेतून घेतलेला कार्बनही. ओल्या मातीत हवा कमी असल्यामुळे तो सावकाश कुजतो. म्हणूनच भूगोलाचे अभ्यासक आता नदीकाठच्या पूरमैदानांकडे कार्बनचं कोठार म्हणून बघतात.

आपण त्याच काठावर तबेले, चाळी, सोसायट्या उभ्या केल्या. मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्यानंतर नदी रुंद केली, खोल केली, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती घातल्या. काठावरच्या घरांना त्याचा आधार झाला, हे खरंच. पण नदीची पसरायची जागा गेली. जो गाळ एकेकाळी शेतात बसायचा, तो आता पात्रात साचतो आणि दर पावसाळ्याआधी आपल्याच करातून उपसून डंपरने बाहेर जातो.

पसरायला जागा उरली ती फक्त मुखाशी, गोराई-मनोरीच्या तिवरांत. तिथे अजून गाळ बसतो. तिवरांचा कार्बन झाडापेक्षा खालच्या चिखलातच जास्त असतो. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांना संरक्षण दिलं. सार्वजनिक हिताच्या कामाला मात्र परवानगी मिळू शकते, आणि वर्सोवा-दहिसर-भाईंदर रस्त्यासाठी हजारो तिवरं जाणार आहेत.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. लिंक रोडला रोज अडकणारा माणूस तसं म्हणणार नाही. पण बदल्यात रोपं किती आणि कुठे लावणार, एवढ्यावर चर्चा थांबते. रोपं दुसरीकडे लावता येतात, शेकडो वर्षं बसलेला चिखल नेऊन लावता येत नाही. तो उघडा पडला की साठलेला कार्बन हवेत जातो आणि भरतीच्या वेळी पुराचं पाणी थोपवणारी जागाही संपते.

येत्या निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना हे जरूर विचारा.