रेशमी पेडांचा पेशा

मेइजी सरकारने १८७६ साली सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडण्याची मनाई करणारे फर्मान काढले, तेव्हा ज्यांची रोजी बुडाली त्यांत पाती घडविणाऱ्या लोहारांच्या जोडीला रेशमाचे पेड घालून गोफ विणणारा एक निरुपद्रवी वर्गही होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तलवारीच्या म्यानाला बांधलेली दोरी, आणि त्यापूर्वीच्या युद्धमान शतकांत लोखंडाच्या व लाख चढविलेल्या चामड्याच्या असंख्य पट्ट्या एकमेकींत ओवून चिलखताला लवचीकपणा देणारे बंद, हा या लोकांचा माल. आणि त्यांच्या विद्येला जपानी भाषेत नाव आहे ‘कुमिहिमो’.

ही विद्या बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियाकडून आली, आणि नारा येथील शोसोइन भांडारात आठव्या शतकातले रेशमी गोफ आजही जतन केलेले आहेत. हे जुने गोफ इतके गुंतागुंतीचे की, ते विणायला लाकडी साधन असलेच पाहिजे, अशी विद्वानांची दीर्घकाळ समजूत होती. परंतु शस्त्रे व चिलखते यांविषयीच्या, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका हस्तलिखिताच्या आधारे किनोशिता मासाको यांनी असे दाखवून दिले की, हातांत रेशमाचे फास अडकवून, ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरवीत, आणि काम रुंद असेल तर दोघा-तिघांनी शेजारी बसून परस्परांचे फास बदलीत, हे गोफ नुसत्या हातांनी विणता येत असत. तेव्हा ज्या मंचांना आपण या कलेची जननी समजतो त्या वस्तुतः तिच्या उत्तरवयातील कन्या ठरतात.

त्यांतील ‘मारुदाइ’, म्हणजे गोल मंच, मला विशेष मोहक वाटतो. चार पायांवर उभी असलेली, मध्यभागी भोक पाडलेली ही लाकडी तबकडी. तिचे नाव ‘कागामी’, अर्थात आरसा. तिच्या कडेवरून खाली लोंबतात शिसे भरलेल्या लाकडी रिळांना गुंडाळलेले पेड. समोरासमोरची रिळे दोन्ही हातांनी उचलून ठरल्या क्रमाने पलीकडे ठेवीत गेले की, मधल्या भोकातून गोफ हळूहळू खाली उतरतो, आणि त्याच्या शेंड्याला टांगलेले वजन त्याला ओढून धरते. सारी मख्खी या वजनात आहे: ते वाढविले तर वीण सैल व लांबट होते, घटविले तर घट्ट बसते. आपल्याकडे गोफ नाचताना हाती दोरी धरून फेर घेणारी मंडळी म्हणजे जणू ही रिळेच. फरक इतकाच की, आपला गोफ उलगडण्यासाठीच विणलेला असतो. चपट्या, नक्षीदार पट्ट्यांसाठी ‘ताकादाइ’ नावाचा उंच मंच असतो. विणणारा त्याच्या चौकटीतच बसतो आणि प्रत्येक फेरीनंतर बांबूच्या पट्टीने वीण ठोकून घेतो.

तलवारबंदीने हा पेशा मात्र संपला नाही. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून, म्हणजे ओबीवरून, ‘ओबिजिमे’ नावाची बारीक दोरी आवळण्याचा रिवाज स्त्रियांत रुजला होताच. योद्ध्यांची गिऱ्हाइकी सुटली ती तिने सावरून धरली. इगा मुलखात तर या धंद्याचे पुनरुज्जीवन १९०२ साली झाले, जेव्हा हिरोसावा तोकुसाबुरो टोकियोत शिकलेली विद्या घेऊन गावी परतले.

क्योतोचे फुकामी जूसुके यांना ‘काराकुमि’ या चौकटनक्षीच्या प्राचीन विणीबद्दल १९५६ साली राष्ट्रीय सन्मान मिळाला. इसेच्या महामंदिरात दर वीस वर्षांनी देवतेचे निवासस्थान नव्याने उभारतात आणि तिची सामग्रीही नवी घडवितात. तीत एक रत्नजडित तलवार असते, आणि कोणत्याही मर्त्य कमरेला कधी न लागणाऱ्या त्या तलवारीसाठी काराकुमिचा रेशमी पट्टा तितक्याच निगुतीने विणला जातो.