आत्महत्येनंतर मागे राहिलेले: शोक, नाती आणि आंतरिक वाढ

आत्महत्येने आप्त गमावलेल्यांना आधार देण्याच्या कार्याला एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘पोस्टव्हेन्शन’ असे नाव दिले. अशा एका मृत्यूमागे किमान सहा निकटची माणसे होरपळतात, असा त्यांचा अंदाज होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. श्नाइडमन यांच्या हिशेबाने त्या एका वर्षातले शोकाकुल आप्त दहा लाखांवर जातात.

हा शोक अन्य मृत्यूंच्या शोकासारखा नसतो. घरात आक्रोश चालू असतानाच पंचनामा होतो, जबाब घेतले जातात, देह शवविच्छेदनासाठी नेला जातो. आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत उरले नाही. ती १ जुलै २०२४ पासून अमलात आली. मात्र मराठी शब्दातली ‘हत्या’ तशीच आहे, आणि तिचा दोषी शोधण्याची वृत्तीही. बहुधा तो घरातच शोधला जातो: सून, सासू, रागावलेला बाप, फोन न उचललेला मित्र.

नात्यांची खरी कसोटी तेराव्यानंतर लागते. आई मुलाचे नाव पुन:पुन्हा घेऊ पाहते. वडिलांना ते ऐकवत नाही. दोघांचेही दु:ख खरे, पण एकाला दुसऱ्याचे मौन निष्ठुरपणा वाटते. लहान भावंडांना ‘अपघात झाला’ असे सांगितले जाते. सत्य पुढे शेजाऱ्याच्या तोंडून कळते, तेव्हा विश्वासही तुटतो. त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत घरच्यांनीच खरे सांगणे श्रेयस्कर.

रिचर्ड टेडेस्की व लॉरेन्स कॅल्हून यांनी १९९०च्या दशकात आघातोत्तर वाढीची संकल्पना मांडली. नात्यांतील जवळीक, स्वत:च्या बळाची जाणीव, नव्या वाटा, आयुष्याचे मोल आणि आध्यात्मिक बदल ही तिची पाच अंगे. ही वाढ म्हणजे दु:खाची भरपाई नव्हे. दोन्ही एकाच मनात नांदतात. शोकग्रस्ताला ‘यातून काहीतरी शिक’ असे सांगणे तर क्रूरच.

अमेरिकी सिनेटर हॅरी रीड यांच्या वडिलांनी १९७२ मध्ये आत्महत्येने जीवन संपवले. कित्येक वर्षे त्यांनी त्याविषयी जाहीर वाच्यता केली नाही. १९९९ मध्ये त्यांनीच मांडलेल्या ठरावातून अशा आप्तांसाठीचा दिवस सुरू झाला. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी अनेक देशांत ही माणसे एकत्र जमतात आणि गेलेल्याचे नाव मोकळेपणाने घेतात.

(भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत साहाय्यवाणी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.)